काडीमोड आणि मुलांचा कैवार

घटस्फोट ही इंग्रजी अमदानीबरोबर आपल्याकडे आलेली परकी वस्तू असून आपल्या समाजात विवाह हा अनादि काळापासून अविच्छेद्य संस्कारच मानला गेला, अशी जी समजूत सुशिक्षित महाराष्ट्रीय घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, ती समाजाच्या एका लहानशा, परंतु लेखणी हाती असलेल्या वर्गाच्या आचारावरून साऱ्या समाजाविषयी बांधलेली आहे. ज्यांच्या हाती नांगर होता, वाकस होता, माग होता किंवा मेंढरांमागची काठी होती, त्या बहुतेक जातींमध्ये नवरा-बायकोने पंचांसमक्ष फारकत घ्यावी आणि बाईने पाट लावून नवा संसार मांडावा, ही रीत पेशवाई बुडण्यापूर्वी फार काळ रूढ होती. इंग्रजी न्यायासनांनी ती पहिल्या शंभर वर्षांत वाढविण्याऐवजी पुष्कळशी आवळूनच टाकली. त्या काळात खरोखर नवे असे जे आले, ते म्हणजे मोडलेल्या संसारातील मुलाचा स्वतःचा हक्क. आणि तोही राजमार्गाने न येता फौजदारी कचेरीच्या आडवाटेने, अतिशय संथ गतीने आला. ही हकीकत आपल्या सामाजिक इतिहासात जितकी सविस्तर सांगितली जावी तितकी सांगितली गेलेली नाही.

धर्मशास्त्रकारांचे मत तरी एकमुखी होते असे नाही. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात ब्राह्मादी चार धर्म्य विवाहांतून सुटका नाही असे सांगितले खरे, परंतु त्याच ठिकाणी परस्परांविषयी द्वेष उत्पन्न झाला असता पतिपत्नींना एकमेकांपासून मोकळे होता येते, हेही नमूद करून ठेवले. नारद आणि पराशर या दोन्ही स्मृतींनी पती बेपत्ता झाला, मृत झाला, संन्यासी झाला, क्लीब ठरला किंवा पतित झाला, अशा पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती करण्याची मोकळीक दिली. पुढील निबंधकारांनी ही वचने कलिवर्ज्य ठरवून बाजूस सारली, हा भाग निराळा. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ह्या साऱ्या ग्रंथसंभारात मुलाचा विचार येतो तो पिंडदानाचा अधिकारी म्हणून किंवा दायाद म्हणून. आणि क्षेत्र श्रेष्ठ की बीज श्रेष्ठ, म्हणजे मूल क्षेत्राच्या स्वामीचे की बीज टाकणाऱ्याचे, हा जो वाद मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात विस्ताराने आला आहे, तो मालकीचा वाद आहे. त्या मुलाने कोणाजवळ वाढावे म्हणजे त्याचे बरे होईल, हा प्रश्न त्या वादात कोणाला सुचलेला दिसत नाही.

गावगाड्यातील काडीमोड कशी होत असे, याचे चित्र जुन्या गॅझेटिअरांतून आणि जातींच्या रीतिरिवाजांच्या टाचणांतून बऱ्यापैकी स्पष्ट उभे राहते. नवरा नांदवीत नाही, खायला घालीत नाही, हात टाकतो, किंवा उलटपक्षी बायको नांदत नाही, वारंवार माहेरी निघून जाते, अशी कागाळी जातीच्या म्हेत्र्याकडे जाई. मग देवळात किंवा चावडीवर पंच जमत, दोन्हीकडची माणसे समोरासमोर बसत, आणि प्रथम समजुतीचे चार शब्द सांगून झाल्यावर, जमत नाही असे दिसून आले म्हणजे, लग्नाचा खर्च कोणी किती भरावा आणि अंगावरील डाग कोणी परत करावेत याची बोलाचाली सुरू होई. हिशेब मिटला की नवरा सर्वांदेखत एक काडी मोडी; काही जातींत तो बायकोच्या लुगड्याच्या पदराची चिंधी फाडी; आणि जेथे लिहिणारा माणूस हाताशी असे तेथे सोडचिठ्ठी लिहिली जाई, तिच्यात आजपासून तुझा-माझा संबंध राहिला नाही, तू अन्यत्र पाट लावलास तरी माझी हरकत नाही, अशा आशयाचा मजकूर असे. त्यानंतर जातीला जेवण किंवा पानसुपारी, आणि बाई मोकळी. तिचा पाट मात्र पहिल्या लग्नासारखा वाजतगाजत लागत नसे. तो रात्रीच्या वेळी, मोजक्या माणसांत, सवाष्णींची नजर चुकवून लागे, आणि त्या संसाराला समाजाने मान्यता दिली तरी त्याचा मान पहिल्या लग्नापेक्षा कमीच समजला जाई.

राज्यकर्त्यांना ही रीत मान्य होती याचा सर्वांत रोकडा पुरावा म्हणजे त्यांनी तिच्यावर बसविलेला कर होय. मराठेशाहीतील करांच्या यादीत लग्नटक्याच्या शेजारी पाटदाम ही बाब आढळते, आणि पुन्हा संसार मांडणाऱ्या स्त्रीच्या निमित्ताने सरकारात रक्कम जमा होत असे. पुण्याच्या ब्राह्मणी दरबाराने ब्राह्मण स्त्रीला पुनर्विवाहाचे दार घट्ट बंद ठेवले असता इतर जातींच्या पाटापासून मात्र उत्पन्न घेतले. त्या काळच्या समाजात एकच एक विवाहधर्म नांदत नव्हता, हे यावरून उघड होते.

तथापि ह्या पंचायतींचे उदात्तीकरण करणे सत्याला धरून होणार नाही. पंच सारे पुरुष. नवऱ्याची संमती बहुधा आवश्यक. आणि बाईची मोकळीक पुष्कळदा नव्या नवऱ्याने जुन्या नवऱ्याचा खर्च भरून दिल्यावरच पदरात पडे. मुलांच्या बाबतीत तर ती बैठक फारशी रेंगाळतच नसे. मूल अंगावर पिणारे असेल तर ते काही काळ आईबरोबर जाई. परंतु ते घर बापाचे, नाव बापाचे, वतनातला वाटा बापाच्या भावकीतला, म्हणून जाणते होताच ते बापाच्या दारी परत यावे, हे इतके गृहीत धरलेले असे की त्याचा वेगळा ठराव करण्याचे प्रयोजन कोणास वाटत नसे. पुतळ्यांच्या माळेची तोळ्यामाशाने मोजदाद करणाऱ्या त्या बैठकीत मुलाच्या वर्षभराच्या भाकरीचा हिशेब कोणी मांडला नाही. आई पाटाने गेली तर आपले लेकरू मागे ठेवून गेली, आणि ज्या अनेकींनी पाट लावण्याचे नाकारून माहेरच्या ओसरीवर जन्म काढला, त्यांच्या नाकाराचे कारण पुष्कळदा हेच असले पाहिजे असे मला वाटते.

१८१८ साली पेशवाई संपली. माउंट्स्टुअर्ट एल्फिन्स्टनने दक्षिणेचा कारभार हाती घेताना जुन्या चालीरीतींना शक्य तो धक्का लावू नये असे धोरण ठेवले, आणि त्यातूनच जातीजातींच्या पंचांना व शास्त्र्यांना प्रश्न विचारून त्यांचे रिवाज टिपून काढण्याची चौकशी सुरू झाली. आर्थर स्टील ह्या अधिकाऱ्याने संकलित केलेला तो ग्रंथ १८२७ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात काडीमोड, सोडचिठ्ठी व पाट यांना जातवार जागा मिळालेली आहे. त्याच वर्षीच्या मुंबई सरकारच्या चौथ्या रेग्युलेशनने दिवाणी दाव्यांत, कायदा नसेल तेथे देशाचा रिवाज प्रमाण मानावा, असे लिहून ठेवले. आणि दुसऱ्या रेग्युलेशनने जातीच्या अंतर्गत प्रश्नांत अदालतीने हात घालू नये असे बंधन घातले. रिवाजाला शास्त्राच्या आधी मान देणारी ही मुंबई इलाख्याची परंपरा बंगालच्या परंपरेहून पुष्कळ उदार होती. ती तशीच चालली असती तर काडीमोडीचा कायदा आपल्या मातीतूनच हळूहळू वाढून प्रौढ झाला असता, अशी हळहळ ह्या इतिहासाच्या वाचकाला वाटल्यावाचून राहत नाही.

पण १८६२ साली दोन गोष्टी एकदम घडल्या. मुंबईत उच्च न्यायालय स्थापन झाले, आणि भारतीय दंडविधान अमलात आले; त्यातील ४९४व्या कलमान्वये पती हयात असता दुसरा विवाह करणाऱ्या स्त्रीला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती, तर हिंदू पुरुषाला अनेक बायका करण्याची मुभा असल्यामुळे तेच कलम त्याच्या केसालाही धक्का लावीत नव्हते. १८६४ साली गुजरातेतील तळपदा कोळी जातीचे एक प्रकरण ह्या न्यायालयापुढे आले. पहिल्या नवऱ्याच्या संमतीवाचून, केवळ जातीच्या रिवाजाप्रमाणे, बाईने दुसरा संसार केला होता. न्यायालयाने तो रिवाजच अग्राह्य ठरविला, आणि पंचांच्या दृष्टीने जी रीतसर घरधनीण होती ती सरकारच्या दृष्टीने गुन्हेगार झाली. १८७६ साली ह्याच न्यायालयाने, विवाह रद्द ठरविण्याचा किंवा स्त्रीला पुन्हा लग्नाची परवानगी देण्याचा अधिकार जातीला आहे हे कायदेशीर न्यायालये मानणार नाहीत, असा निर्वाळा दिला. पुढे १९१५ साली, जातीने ठरविलेली रक्कम भरून दोहोंपैकी कोणालाही एकतर्फी विवाह मोडता येतो, हा रिवाजही नीतिविरुद्ध म्हणून नाकारण्यात आला. उभयपक्षी संमतीची फारकत तेवढी शिल्लक राहिली. ह्या न्यायाधीशांचा हेतू वाईट नव्हता. स्त्रीला विकल्यासारखा जो व्यवहार काही ठिकाणी होई त्याचा त्यांना तिटकारा होता. परंतु नवऱ्याच्या मर्जीवाचून सुटण्याची जी एकमेव वाट गरीब घरच्या बाईला होती ती त्यांनी बुजविली आणि तिच्या जागी दुसरी वाट बांधली नाही, हा अन्याय त्यांच्या सद्धेतूने लहान होत नाही.

मुलांच्या प्रश्नाकडे ह्या काळातील कायद्याने कसे पाहिले, हे १८५६च्या विधवाविवाहाच्या कायद्याचे दुसरे व तिसरे कलम वाचले म्हणजे ध्यानात येते. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या अथक खटपटीने झालेला तो कायदा. पण त्यातील दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मिळकतीवरील हक्क काढून घेतला, आणि तिसऱ्या कलमाने, मृत पतीने पालक नेमून ठेवलेला नसेल तर, त्याच्या आईबापांना किंवा इतर पुरुष नातलगांना मुलांसाठी दुसरा पालक नेमण्याची मागणी न्यायालयाकडे करण्याची वाट मोकळी करून दिली. एका हाताने नवा संसार देऊन दुसऱ्या हाताने जुने लेकरू काढून घेण्याची ही जी तरतूद सुधारणेच्या कायद्यातच घातली गेली, तिच्यावर त्या काळच्या सुधारकांनीही फारसा आक्षेप घेतल्याचे दिसत नाही. पुढे १८९० साली पालक आणि पाल्य यांविषयीचा जो सर्वसाधारण कायदा झाला, त्याच्या १७व्या कलमात पाल्याच्या हिताचा उच्चार आहे. परंतु १९व्या कलमात, बाप हयात असून तो नालायक ठरलेला नसेल तर न्यायालयाने दुसऱ्या कोणाची पालक म्हणून नेमणूक करू नये, असेही बजावलेले आहे. आई नालायक नाही एवढे पुरेसे नव्हते. बाप नालायक आहे हे तिला सिद्ध करावे लागे, आणि व्यसनी, बाहेरख्याली किंवा बेफिकीर बापही ह्या कसोटीला सहसा नालायक ठरत नसे. ह्या कलमात बापाच्या जोडीला आईचे नाव घालण्यासाठी २०१० साल उजाडावे लागले.

मुलाच्या पोटाचा प्रश्न सोडविणारे पहिले कलम मात्र विवाहाच्या कोणत्याही कायद्यात सापडत नाही. ते सापडते १८६१च्या फौजदारी प्रक्रियेच्या संहितेत. बायको आणि मुले यांना पोसण्याची ऐपत असून जो पोशीत नाही, त्याला मॅजिस्ट्रेटने दरमहा ५० रुपयांपर्यंत पोटगी देण्यास भाग पाडावे, अशी ती तरतूद होती, आणि तीत औरस व अनौरस असा भेद मुलांमध्ये केलेला नव्हता. १८७२च्या संहितेचे कर्ते जेम्स फिट्‌झजेम्स स्टीफन यांनी या तरतुदीचा हेतू रस्तोरस्ती भटकणाऱ्या निराधारांची वाढ रोखणे हा आहे, असे मोकळेपणी सांगितले आहे. मुलाविषयीच्या कनवाळूपणापेक्षा शहराच्या शिस्तीची काळजीच तीमध्ये अधिक होती. असे असूनही ह्या कोरड्या पोलिसी कलमाने जे काम केले ते कोणत्याही धर्मशास्त्राने केले नव्हते. जात न विचारता, धर्म न विचारता, आईचे लग्न कोणत्या विधीने लागले याची फार चिकित्सा न करता त्याने मुलाला बापाच्या कमाईवर दावा सांगण्याची जागा दिली. तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटपुढे अर्ज घेऊन उभी राहणारी बाई आणि ‘मी नांदवायला तयार आहे, तीच येत नाही’ हा नवऱ्याचा ठराविक जबाब, ही जोडी तेव्हापासून आजतागायत आपल्या कचेऱ्यांतून चालू आहे. नवऱ्याच्या ह्या जबाबावर बायकोची पोटगी पुष्कळदा अडे, मुलाची मात्र कायद्याप्रमाणे अडू शकत नसे, आणि हुकूम होऊनही पैसे न भरणाऱ्यास थकलेल्या प्रत्येक महिन्यापोटी एका महिन्यापर्यंत तुरुंगात बसविता येत असे.

या कलमातील कमाल मर्यादेचा इतिहास पाहिला म्हणजे कायदे करणाऱ्यांना ह्या मुलांची आठवण किती क्वचित होत असे ते कळते. १८९८च्या संहितेत हीच तरतूद ४८८वे कलम म्हणून आली तेव्हाही मर्यादा ५० रुपयांचीच होती. १९२३ साली ती १०० झाली, १९५५ साली ५००, आणि १९७३च्या संहितेत १२५ हा नवा क्रमांक मिळूनही, घटस्फोटितेचा त्यात प्रथमच समावेश होऊनही, आकडा ५००चाच राहिला. महाराष्ट्राने तो १९९९ साली १५०० केला आणि २००१ साली केंद्राने मर्यादाच काढून टाकली. १९५५ ते १९९९ ह्या चव्वेचाळीस वर्षांत धान्य, कापड, शाळेची फी आणि खोलीचे भाडे यांचे काय झाले हे ज्यांनी घर चालविले आहे त्यांना सांगावे लागत नाही, आणि तेवढा काळ महाराष्ट्रातील मॅजिस्ट्रेटला, समोर उभ्या राहिलेल्या मुलाची गरज डोळ्यांनी दिसत असतानाही, ५०० रुपयांवर लेखणी थांबवावी लागत होती.

रखमाबाईंचा खटला ह्या इतिहासात सर्वांच्या परिचयाचा आहे, तरी त्याचे एक अंग सहसा दुर्लक्षिले जाते. अकरा वर्षांच्या वयात दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न लागलेली ही मुलगी आपले सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढली, शिकली, आणि सासरी नांदायला जाण्यास तिने नकार दिला, तेव्हा १८८४ साली दादाजींनी वैवाहिक हक्क परत मिळावेत म्हणून उच्च न्यायालयात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी सप्टेंबर १८८५मध्ये तो फेटाळला. अपिलात तो निकाल फिरला. आणि मार्च १८८७मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी, महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद भोग, असा हुकूम केला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी जाहीर केली. लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ने धर्माच्या नावाने त्यांच्याविरुद्ध लेखणी चालविली, परंतु ज्या दाव्याच्या आधारे त्यांना ओढून नेण्यात येत होते तो दावा आपल्या धर्मशास्त्रातला नव्हताच, तो इंग्लंडातील चर्चच्या न्यायालयांतून येथे आणलेला होता. धर्मरक्षणाच्या आवेशात पुण्या-मुंबईच्या विद्वानांनी परक्या चर्चचे हत्यार आपले म्हणून जवळ केले, याचा विषाद वाटतो. शेवटी जुलै १८८८मध्ये दादाजींना २००० रुपये देऊन तडजोड झाली, आणि रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन आल्या. सुरत आणि राजकोट येथे त्यांनी दीर्घ काळ रुग्णसेवा केली. विशेष असे की, रखमाबाईंच्या सुतार जातीत पुनर्विवाह चालत होता, त्यांच्या आईचाच तो झाला होता. पण नवऱ्याची संमती नसताना मुलीला सोडवील असे बळ त्या रिवाजात न्यायालयांनी उरू दिले नव्हते. नांदायला न जाणाऱ्यास कैद करण्याची तरतूद दिवाणी संहितेतून १९२३ साली निघाली.

ह्या मधल्या काळात इतर समाजांचे कायदे आपापल्या गतीने पुढे गेले. पारशांनी १८६५ सालीच आपला विवाह व घटस्फोटाचा कायदा करून घेतला. ख्रिस्त्यांसाठी १८६९चा कायदा झाला, त्यात पतीपेक्षा पत्नीला अधिक दोष सिद्ध करावे लागत. मुसलमान स्त्रीला न्यायालयातून विवाह मोडून घेण्याचा कायदा १९३९ साली मिळाला. गोव्यात, पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक येताच, नोव्हेंबर १९१०चा घटस्फोटाचा कायदा लागू झाला आणि तेथे न्यायालयातून विवाह मोडण्याची वाट ब्रिटिश हिंदुस्थानातील हिंदूंपेक्षा कितीतरी आधी खुली झाली.

हिंदूंच्या बाबतीत पुढाकार घेतला तो संस्थानिकांनी. शाहू छत्रपतींनी १९१९-२०च्या सुमारास कोल्हापुरात विवाह, काडीमोड आणि स्त्रियांना होणारी क्रूर वागणूक यांविषयी कायदे केले. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात प्रथम १९४६ साली द्विभार्याप्रतिबंधाचा आणि पाठोपाठ १९४७ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा आला, आणि ज्या जातींना काडीमोड कधीच ठाऊक नव्हती त्यांच्या स्त्रियाही घटस्फोटासाठी प्रथमच न्यायासनासमोर उभ्या राहू शकल्या. पुढे हिंदू संहितेच्या विधेयकावर दिल्लीत जे रण माजले, त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलेला एक युक्तिवाद आपल्या विषयाच्या मुळाशी जाणारा आहे: हिंदू समाजाचा बहुसंख्य भाग शूद्र मानलेल्या जातींचा असून त्यांच्यात फारकत परंपरेने चालतच आलेली आहे, तेव्हा घटस्फोटाला हिंदुत्वाच्या विरुद्ध म्हणणे म्हणजे मूठभरांचा आचार साऱ्यांवर लादणे होय. ज्यांच्या घराण्यांनी ही रीत पिढ्यान्‌पिढ्या पाहिली होती त्यांच्यापैकी एकाच्या तोंडून हे यावे, यात इतिहासाचा मोठा न्याय आहे. विधेयक रखडले, बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१मध्ये मंत्रिपद सोडले, आणि त्याचे तुकडे करून पुढे ते मंजूर झाले. हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ रोजी अमलात आला. रखमाबाई तेव्हा हयात होत्या; त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, नव्वदी ओलांडल्यावर त्यांचे निधन झाले. ह्या कायद्याच्या २९व्या कलमाने रिवाजानुसार होणारी काडीमोड सांभाळून ठेवली. क्रूरता आणि परित्याग ही कारणे प्रारंभी केवळ न्यायिक फारकतीसाठी होती, ती घटस्फोटाची कारणे झाली १९७६ साली, आणि त्याच वेळी परस्परसंमतीच्या घटस्फोटाचे कलमही घालण्यात आले. कौटिल्याने सांगून ठेवलेली ती सुटका सर्व हिंदूंना कायद्याने मिळायला इतका काळ लागला.

मुलाकडे सरळ पाहणारे वाक्य न्यायासनावरून ऐकू येऊ लागले ते ह्या साऱ्याच्या थोडे आधी. तीन-एक वर्षांच्या मुलाच्या ताब्यावरून आईबापांत झालेल्या आणि १९४१ साली निर्णयसंग्रहात छापल्या गेलेल्या एका खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने, बाप नालायक नसला तरीही विचार व्हायचा तो बापाच्या हिताचा नाही, आईच्या हिताचा नाही, तो केवळ मुलाच्या हिताचा, असे निःसंदिग्ध सांगून मूल आईकडे ठेवले. १८९०च्या कायद्याच्या चौकटीत राहून त्या न्यायाधीशांनी केवढी मोठी पायरी चढविली, हे त्यापूर्वीचे निर्णय चाळल्यावाचून कळत नाही. १९५५च्या कायद्याच्या २६व्या कलमाने मुलांचा ताबा, पोषण आणि शिक्षण यांविषयीचे हुकूम शक्य तेथवर त्यांच्या इच्छेला धरून करावेत असे म्हटले, आणि १९५६च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे असे सांगून मुलाचे हित सर्वोपरी ठरविले. मात्र नैसर्गिक पालकाच्या जागेवर त्याने प्रथम बापालाच बसविले, आणि आईला त्याच्यानंतरची जागा दिली. गीता हरिहरन ह्या लेखिकेने आपल्या अज्ञान मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी पालक म्हणून सही केली असता ती सही अडली, आणि त्या प्रकरणात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने, बाप हयात असला तरी तो मुलाच्या देखभालीत नसेल तर आईच नैसर्गिक पालक होय, असा अर्थ लावला. बाप दूर देशी असता शाळेच्या दाखल्यासाठी, पासबुकासाठी, शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रासाठी ज्या बायांनी खिडक्यांखिडक्यांतून बापाच्या सहीसाठी परत पाठविले जाण्याचा अनुभव घेतला, त्यांना ह्या निर्णयाचे मोल अधिक कळेल.

दुर्गाबाई देशमुखांनी फार पूर्वी आग्रह धरलेली कौटुंबिक न्यायालये १९८४च्या कायद्याने शक्य झाली, आणि महाराष्ट्रातील पहिले न्यायालय १९८९ साली पुण्यात उघडले. त्याच वर्षी मुंबईतही ते सुरू झाले. ह्या न्यायालयांत वकिलाला पक्षकाराचा हक्क म्हणून उभे राहता येत नाही, न्यायासनाच्या परवानगीने येता येते. आणि निकालापूर्वी विवाह-समुपदेशकाशी दोघांना बसावे लागते. येथल्या ताब्याच्या हुकुमांचा मजकूर वाचण्यासारखा असतो: शनिवारी सकाळी मूल कोणी, कोठून न्यावे आणि रविवारी संध्याकाळी किती वाजता आणून सोडावे, मे महिन्याच्या सुट्टीचा पहिला अर्धा भाग कोणाकडे, गणपती एका वर्षी आजोळी तर पुढल्या वर्षी वडिलांच्या घरी, दिवाळीतले पाडवा आणि भाऊबीज कशी वाटायची, परीक्षेच्या आधी भेटी बंद ठेवायच्या की नाहीत, प्रगतिपुस्तकाची प्रत दुसऱ्या पालकाला मिळावी की नाही. जुन्या पंचांनी दागिन्यांवर जेवढा बारकाईने विचार केला, तेवढा बारकाईचा विचार येथे मुलाच्या दिनक्रमावर खर्च होतो, आणि ह्या कोरड्या वेळापत्रकाला मी आपल्या न्यायव्यवस्थेची एक मोठी कमाई मानतो. त्याची अंमलबजावणी दुबळी आहे, भेटीच्या दिवशी मूल आजारी असल्याचे निरोप येतात, हुकूम मोडणाऱ्याला जाब विचारण्यात महिने जातात, हेही तितकेच खरे.

पोटगीच्या बाबतीत दुखणे होते ते विलंबाचे. हुकूम अर्जाच्या दिवसापासून लागू करायचा की निकालाच्या दिवसापासून, हे मॅजिस्ट्रेटच्या विवेकावर असल्यामुळे निकालाची तारीख धरली गेली की खटल्याच्या मधल्या वर्षांचा भार आईने सोसलेला असे तो तिच्याच अंगावर राही. बाप उत्पन्न लपवितो, आईही काही वेळा लपविते, आणि कागदपत्रांच्या अभावी न्यायाधीश अंदाजाने आकडा घालतो, हा तर नित्याचा प्रकार होता. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात २०१३ साली सुरू झालेले असेच एक आई-मुलाच्या पोटगीचे प्रकरण वर चढत चढत दिल्लीला पोहोचले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२०च्या निर्णयात देशभरच्या न्यायालयांसाठी नियम घालून दिले: दोन्ही पक्षांनी आपली मिळकत, देणी आणि खर्च यांचे ठरावीक नमुन्यातील प्रतिज्ञापत्र दाखल करावे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी. त्यानंतर निकाल कितीही वर्षांनी लागो, त्या मधल्या वर्षांची मुलाची शाळेची फी, वह्या-पुस्तके, औषधपाणी ही बापाच्या नावे बाकी म्हणून निघते आणि तुंबलेली रक्कम वॉरंटाने वसूल करता येते. मात्र ती मागण्यासाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, ही जुनी अट अजून कायम आहे, आणि तारखा चुकलेल्या कित्येक आयांच्या हातून ती बाकी आजही निसटते.